गुरुवारचा पास

सिनेमाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी रात्री संपतो. महिन्याच्या पासाचा आठवडाही गुरुवारीच संपतो, पण तो सुरू होतो सोमवारी. मधले तीन दिवस पास चालत नाही. नाशिकरोडच्या एका मल्टिप्लेक्समध्ये मी ड्युटी मॅनेजर आहे. हे दोन आठवडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यातून जे काही निपजतं ते गुरुवारी माझ्या काउंटरवर येऊन उभं राहतं. म्हणून दिवस लिहायचा तर गुरुवारचाच.

सकाळी ८.३०

शटर वर. सफाईच्या मावशी माझ्या आधी आलेल्या असतात. रात्रीच्या खेळाचे पॉपकॉर्न खुर्च्यांच्या सांध्यात अडकलेले, ते काढायला झाडू चालत नाही, हातच घालावा लागतो. एसीवाला प्लांट सुरू करतो. प्रोजेक्शनचा मुलगा संगणकावर किल्ल्या तपासतो. हल्ली सिनेमा हार्डडिस्कवर किंवा सॅटेलाइटवरून येतो आणि त्याला डिजिटल किल्ली लागते. कोणत्या सिनेमासाठी, कोणत्या सर्व्हरवर, किती तारखेपर्यंत, हे सगळं त्या किल्लीत कोंबलेलं असतं. मुदत संपली की सिनेमा आपल्याजवळ असूनही दिसत नाही. ‘‘मॅडम, मराठीची किल्ली आज रात्रीपर्यंतच आहे. पुढची अजून आली नाही,’’ तो म्हणाला. किल्ली आली नाही म्हणजे सिनेमा उतरणार असं नक्की नसतं. पण गुरुवारी सकाळी हे ऐकलं की मी फोन हाताशी ठेवते.

९.१५

कालचा हिशेब. प्रत्येक खेळाची तिकिटं कुठून आली ते रिपोर्टमध्ये रकान्यांत दिसतं: ॲपवरून, काउंटरवरून, बँकेच्या ऑफरमधून, पासावर. बुधवारी दुपारच्या मराठी खेळाला आलेल्यांत निम्म्याहून जास्त माणसं पासाची होती. हा रकाना कोणी फारसा बघत नाही. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातली माणसं आमच्याकडे आधी पैसे भरून, विश्वास टाकून आलेली आहेत.

आपल्याकडे या पासाची मोठी सुरुवात झाली ती पीव्हीआर आयनॉक्सपासून. या दोन कंपन्या २०२३ च्या फेब्रुवारीत एक झाल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सिनेमा दिवस होता, ९९ रुपयांत तिकीट, आणि देशभर थिएटरं भरली. त्यानंतर तीनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, त्यांनी ‘पासपोर्ट’ आणला. महिना ६९९ रुपये, दहा सिनेमे, पण फक्त सोमवार ते गुरुवार, आणि किमान तीन महिन्यांची बांधिलकी. आयमॅक्स, गोल्ड, लक्स असे महागडे पडदे त्यात नव्हते, सुरुवातीला दक्षिणेकडची राज्यंही नव्हती. पुढच्या वर्षी ३४९ रुपयांत चार सिनेमे असं त्याचं लहान रूप आलं. कल्पना वाईट नव्हतीच. कोविडनंतर लोकांना घरी बसून सिनेमा बघायची सवय लागली होती आणि सोमवार ते गुरुवार खुर्च्या रिकाम्या पडत होत्या. त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही तरी एसी, वीज, पगार, भाडं काही थांबत नाही. मग महिन्याचे ठरलेले पैसे घेऊन तिथे माणूस बसवला तर दोघांचंही भलं. मी या कल्पनेच्या बाजूची आहे, आजही आहे. अडचण कल्पनेत नाही, तिच्याभोवती घातलेल्या कुंपणात आहे.

१०.००

पहिला खेळ. बिटको कॉलेजची पोरं तास बुडवून येतात. पासाचा खरा फायदा यांनाच होतो. ॲप त्यांच्या बोटांवर असतं, ओळखपत्र फोनमध्ये, एकेकटं तिकीट काढून शेजारशेजारच्या खुर्च्या कशा मिळवायच्या हेही त्यांना ठाऊक असतं. एकाच्या आधारवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव मध्ये, तर पासावर नुसतं नाव आणि आडनाव. गेटवरचा नवा मुलगा अडखळला. मी हातानेच ‘सोड’ म्हटलं. असल्या किरकोळ गोष्टी काउंटरवर मिटतात.

११.४०

ही मिटली नाही.

काका प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुरतं. १९२५ पासून इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, नंतर शेजारी नोटांचा छापखाना आला, आणि जेलरोड-उपनगरातली निम्मी घरं त्या पगारावर उभी राहिली. काका आणि काकू दोघंही सिनेमाचे शौकीन. अनुराधा, रेजिमेंटल या थिएटरांत खिडकीत हात घालून तिकिटं काढलेली पिढी. मुलगा बंगळुरूला असतो. त्याने आईबाबांना दिवाळीची भेट म्हणून पास घेऊन दिला होता. ‘‘महिन्याला चार सिनेमे आहेत, दोघं मिळून दोन बघा,’’ असं सांगून.

दुपारी सव्वाच्या मराठी सिनेमासाठी दोघं दीड तास आधी आले, कारण ॲप त्यांच्याकडून चालत नव्हतं. काकांनी फोन माझ्यापुढे धरला. मी बघितलं. पहिली अडचण: एका खेळाला पासावर एकच तिकीट निघतं. चार सिनेमे म्हणजे एका माणसाचे चार, दोघांचे दोन-दोन नव्हेत. दुसरी: ओटीपी मुलाच्या नंबरवर जातो. मुलगा मीटिंगमध्ये, फोन उचलत नव्हता. काकू तीनतीनदा लावत होत्या. तिसरी अडचण मी आधीच ओळखली होती, पण बोलायला जीभ रेटत नव्हती. पासावर नाव मुलाचं होतं. पास दुसऱ्याला वापरता येत नाही. ओटीपी आला असता तरी गेटवर काकांचं आधार जुळलं नसतं.

‘‘मग आमच्या नावावर करून द्या ना ताई.’’

‘‘काका, तो अधिकार मला नाही. मेल करावा लागतो मुंबईला.’’

‘‘किती दिवस लागतील?’’

‘‘चार-पाच दिवस तरी.’’

‘‘आज तर गुरुवार आहे. चार-पाच दिवसांनी हा सिनेमा राहील का?’’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काकांनी खिशातून पैसे काढले आणि दोन तिकिटं काउंटरवर पूर्ण दराने घेतली. जाताना म्हणाले, ‘‘पैशाचं काही नाही हो. तीस वर्षं प्रेसच्या गेटवर रोज झडती दिली, तिथे कधी वाटलं नाही ते आज इथे वाटलं. तिथे सगळ्यांचीच झडती व्हायची.’’

हे वाक्य मला दिवसभर पुरलं. नियम कोणी केला ते मला कळतं. एकाच पासावर दहा जणांनी सिनेमा बघू नये म्हणून केला. पण ज्या घरात मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात आहेत आणि आईवडील नाशिकरोडला आहेत, त्या घरात पास मुलगाच घेणार आणि बघणार आईवडीलच. हे पास आखणाऱ्याला आधी सुचायला हवं होतं. मोबाइलचं रिचार्ज मुलगा करतो आणि फोन आई वापरते, तिथे कोणी तिचं आधार मागत नाही. घरातल्या दोघांच्या नावावर एक पास, एवढी साधी गोष्ट आहे. मी तसं आज पुन्हा लिहून पाठवलं.

दुपारी २.३०

सगळ्या ऑडी चालू, लॉबी मोकळी. जेवणाचा डबा उघडायला हीच वेळ. काउंटरवर नवीन लागलेला मुलगा, एकलहऱ्याचा, बी.कॉम. झालेला, हिशेबात हुशार. त्याने विचारलं, ‘‘मॅडम, इतकी किटकिट असेल तर कंपन्या पास काढतातच कशाला? तोट्यात जात नाहीत का?’’

त्याला अमेरिकेतल्या मूव्हीपासची गोष्ट सांगितली. ती आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी. २०११ मध्ये निघालेली कंपनी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नव्या मालकांनी तिचा दर एकदम ९.९५ डॉलरवर आणला आणि महिनाभर रोज एक सिनेमा देऊ केला. तिकडे एका तिकिटाचाच सरासरी दर ९ डॉलरच्या आसपास होता. थिएटरं मूव्हीपासची नव्हती, त्यामुळे प्रत्येक तिकिटाचे पूर्ण पैसे कंपनी थिएटरला मोजत होती. म्हणजे ग्राहकाने महिन्यात दुसरा सिनेमा पाहिला की कंपनी खड्ड्यात. वर्षभरात तीस लाखांवर ग्राहक झाले. जितके ग्राहक वाढले तितका खड्डा खोल झाला. २०१८ च्या जुलैत एका संध्याकाळी पैसेच संपले आणि लोकांची तिकिटं निघेनात. पन्नास लाख डॉलर उसने आणून सेवा पुन्हा सुरू केली. मग मोठे सिनेमे बंद, मग महिन्याला तीनच. २०१९ च्या १४ सप्टेंबरला दुकान बंद झालं आणि २०२० च्या जानेवारीत दिवाळखोरी. पुढे २०२१ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने जे मांडलं ते वाचून मला खरा धक्का बसला. जास्त सिनेमे बघणाऱ्या ७५ हजार ग्राहकांचे पासवर्ड कंपनीने ‘संशयास्पद हालचाल’ असं कारण देऊन बंद केले होते, असा आयोगाचा आरोप होता. जो ग्राहक पासाचा पुरेपूर उपयोग करतो त्यालाच चोर ठरवायचं.

‘‘मग आपलंही तसंच होणार?’’ पोराने विचारलं.

तसं होण्याचं कारण नाही, हेच मला त्याला सांगायचं होतं. थिएटरवाल्याने स्वतःचा पास काढला तर गणित वेगळं असतं. फ्रान्समध्ये यूजीसी या थिएटर कंपनीने २००० पासून असा पास चालवलाय. अमेरिकेतल्या एएमसीने मूव्हीपास बुडत असतानाच, २०१८ च्या जूनमध्ये, महिना १९.९५ डॉलरला आठवड्याचे तीन सिनेमे सुरू केले आणि ते टिकले. कारण खुर्ची आपली, नाहीतरी रिकामीच राहणार होती, आणि आलेला माणूस समोसा-चहा घेतो. मल्टिप्लेक्सच्या उत्पन्नात खाण्यापिण्याचा वाटा मोठा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय सिनेमा जुना होत जातो तसा थिएटरचा हिस्सा वाढतो. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले भांडले, दोन महिने मोठे हिंदी सिनेमे लागले नाहीत, आणि मग जी वाटणी ठरली तिच्यात पहिल्या आठवड्यात निर्मात्याला निम्मा वाटा आणि पुढे दर आठवड्याला तो उतरत जातो. म्हणजे सोमवारनंतर येणारा पासवाला हा थिएटरला ओझं नाही. त्याला शंकेने बघायचं काही कारणच नाही.

पोरगा बराच वेळ मोबाइलवर आकडेमोड करत बसला.

४.००

एक ताई आल्या, बँकेत नोकरीला, अर्धा दिवस रजा टाकून. पास रद्द करायचा होता. ॲपमध्ये ‘घ्या’चं बटण पहिल्याच पानावर, ‘बंद करा’ कुठे ते सापडत नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून शोधलं. चौथ्या पानावर, खाली, बारीक अक्षरात होतं. त्यांनी सेव्ह केलेल्या कार्डवरून पैसे आपोआप कापले जात होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी आणि तिथून परवानगी मागे घेता यायला हवी. त्यांना ती सूचना आली होती, पण दिवसभरात येणाऱ्या शंभर मेसेजांत ती बुडाली. त्यांना बँकेच्या ॲपमधून ती परवानगी कशी काढायची ते दाखवलं. बँकेत असूनही त्यांना ते माहीत नव्हतं, मग बाकीच्यांचं काय.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी काढली. त्यात वर्गणी सहज घेऊ देणं आणि बंद करताना दमवणं ही क्लृप्ती स्पष्ट शब्दांत आहे. मी कंपनीची नोकर आहे, आणि तरी म्हणते, ती यादी प्रत्येक ॲप बनवणाऱ्याच्या टेबलावर हवी.

त्यांचा दुसरा प्रश्न होता, पासाचे पैसे भरलेत तर प्रत्येक तिकिटामागे पुन्हा सुविधा शुल्क का. हा प्रश्न रोजचा. महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून ऑनलाइन तिकिटावरचं हे शुल्क बंद केलं होतं. मल्टिप्लेक्सवाले आणि तिकीट विकणाऱ्या कंपन्या कोर्टात गेल्या, आणि १० जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. असं शुल्क घेऊ नका म्हणायला कायद्याचा आधार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा शुल्क बेकायदा नाही. पण ज्याने महिन्याचे पैसे आधी भरलेत त्याच्याकडून दर वेळी सुविधेचे वेगळे पैसे घेणं मला पटत नाही. काउंटरवर ते लागत नाही, म्हणून मी लोकांना सांगते, जवळ राहत असाल तर खिडकीवर या. पण पासाचं तिकीट खिडकीवर निघत नाही, ॲपवरच निघतं. तिथे माझं बोलणं खुंटतं.

५.४५

मुंबईहून पुढच्या आठवड्याचा तक्ता आला. प्रोग्रामिंगची टीम हा बनवते, सगळ्या शहरांचा एकदम. उद्या एक मोठा हिंदी सिनेमा आणि एक तेलुगूचं हिंदी रूप लागतंय. दोघांनी मिळून जवळजवळ सगळे खेळ खाल्ले होते. मराठी सिनेमाला शुक्रवार ते रविवार सकाळी पावणेदहाचा एक खेळ. सोमवारपासूनचा रकाना कोरा.

हा कोरा रकाना हीच पासाची सगळ्यात मोठी अडचण आहे, आणि बाहेरच्या कोणाला ती दिसत नाही. हल्ली सुरुवातीला फक्त तीन दिवसांचं बुकिंग उघडतात. शनिवार-रविवारचा गल्ला बघून सोमवारचे खेळ ठरतात आणि रविवारी संध्याकाळी ॲपवर येतात. पासवाल्याला शुक्रवार ते रविवार येता येत नाही. ज्या दिवसांत त्याला येता येतं त्या दिवसांत कोणता सिनेमा असेल हे त्याला आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही. आणि मराठी सिनेमाला पहिल्या तीन दिवसांत सकाळी पावणेदहाचा खेळ दिला, तर गल्ला होणार नाही, आणि गल्ला झाला नाही म्हणून सोमवारी तो उतरणार. म्हणजे जो सिनेमा बघायला पासवाला येणार होता, तो सिनेमा पास चालू व्हायच्या आधीच जातो.

रेल्वेचा पास काढलेली माणसं या गावात हजारोंनी आहेत. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ पासून धावते आहे, सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून मुंबईकडे. पासधारकांचे डबे, त्यांच्या जागा, त्यांची भजनं, सगळं ठरलेलं. त्या पासावर लोकांनी अख्ख्या नोकऱ्या केल्या, कारण महिन्याचे पैसे घेतल्यावर गाडी रोज सुटते, डब्यात चार माणसं असोत की चारशे. सिनेमाच्या पासानेही एवढं तरी वचन द्यायला हवं: सोमवारी गाडी आहे की नाही ते शुक्रवारी सांगा.

मी मुंबईला फोन लावला. तिकडचा मुलगा चांगला आहे, त्याच्यावरही वरून दट्ट्या असतो.

‘‘सोमवार-मंगळवार संध्याकाळी साडेसहाचा एक खेळ द्या मराठीला.’’

‘‘मॅडम, साडेसहाला हिंदी आहे तिन्ही पडद्यांवर. मराठीचे आकडे बघितलेत ना?’’

‘‘बघितलेत. बुधवारची निम्मी तिकिटं पासाची आहेत. ही माणसं हिंदीला येणार नाहीत, ती फक्त या सिनेमाला येतात.’’

‘‘पासाचं तिकीट गल्ल्यात नीट दिसत नाही ना.’’

हाच तो मुद्दा. त्या खुर्चीवर माणूस बसलेला असतो, पण तक्ता बनवणाऱ्याच्या पडद्यावर त्याचं वजन कमी पडतं. मी त्याला ‘बाईपण भारी देवा’ची आठवण करून दिली. केदार शिंदेंचा तो सिनेमा ३० जून २०२३ ला लागला आणि बायका गटागटाने, नऊवारी नेसून, गॉगल लावून, सोमवार-मंगळवारच्या दुपारी येत होत्या. पंचाहत्तर कोटींच्या आसपास धंदा केला त्याने. आठवड्याच्या मधल्या दिवसांतही हाऊसफुलचा बोर्ड लागतो हे आमच्या पिढीने त्या पावसाळ्यात पाहिलं. त्या बायका पहिल्याच दिवशी आल्या नव्हत्या. शेजारणीने सांगितलं म्हणून आल्या. सांगायला आणि यायला मधले दिवस लागतात.

सरकारनेही एकदा प्रयत्न केला होता. २०१५ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री विनोद तावडे यांनी मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम देण्याची घोषणा केली. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हटलं होतं, मग चर्चा होऊन दुपारी बारा ते रात्री नऊ असं ठरलं. दुपारी बाराला प्राइम टाइम म्हटलं की नियम पाळला जातो आणि नोकरदार प्रेक्षक मात्र ऑफिसातच राहतो.

अर्धा तास वाद घातला. शेवटी सोमवार आणि मंगळवार दुपारी पावणेचारचा एक खेळ मिळाला. साडेसहाचा नाही. सोमवारी माणसं आली तर बुधवार-गुरुवारही ठेवू, असं तो म्हणाला. आणि बुकिंग आजच उघडून द्या, हे मी त्याच्याकडून वदवून घेतलं. पावणेसातला ॲपवर खेळ दिसायला लागला. किल्लीची मुदतही वाढून आली.

काकांचा नंबर सकाळी लिहून घेतला होता. त्यांना फोन करून सांगितलं. म्हणाले, ‘‘तोपर्यंत नावाचं होईल का?’’ म्हटलं, बघते.

७.१५

गर्दी. प्रेसच्या पाळीचे लोक, तोफखान्याचे जवान, देवळाली-भगूरची कुटुंबं. पासवाले आणि रोख तिकीटवाले एकाच रांगेत. पॉपकॉर्नच्या मशीनचा आवाज. या वेळी विचार करायला सवड नसते.

९.५०

मुंबईहून पंचवटीने परतलेले काही जण स्टेशनवरून थेट येतात, पाठीला सॅक, हातात डबा. रात्रीच्या खेळाला बसतात आणि बऱ्याचदा इंटरव्हलनंतर खुर्चीतच डोळे मिटतात. मी हात लावून उठवते. एक जण मला नेहमी विचारतो, ‘‘ताई, रविवारी एक तरी खेळ पासावर द्या ना, सकाळचा का होईना.’’ रोज पहाटे निघून रात्री घरी येणाऱ्या माणसाला सोमवार ते गुरुवारचा पास देणं म्हणजे काही न देणंच. रविवारी सकाळी पहिल्या खेळाच्या खुर्च्या आमच्याकडेही रिकाम्या असतात. त्या याला दिल्या तर कोणाचं काय बिघडतं? हेही मी लिहून पाठवलं आहे.

रात्री १२.३५

शेवटचा खेळ सुटला. लोक सिन्नर फाटा, विहितगाव, दसककडे पांगले. गल्ला मोजून तिजोरीत. मराठी सिनेमाचं पोस्टर काचेतून काढायचं की ठेवायचं, हे प्रोजेक्शनच्या पोराने विचारलं. ठेव म्हटलं.

मेल उघडून बघितला. काकांच्या नावबदलाच्या अर्जाला ‘तुमची विनंती मिळाली’ एवढंच यंत्राचं उत्तर होतं. मी त्याच मेलवर पुन्हा लिहिलं, की पास विकताना खुर्चीची नव्हे, खेळाची हमी द्या. घरातल्या दोघांना एकच पास चालू द्या. आणि काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला अशा गोष्टी तिथल्या तिथे सोडवायचा अधिकार द्या. उत्तर येईल तेव्हा येईल.

आता तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असा कुठला ना कुठला पास असेल. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणत्या दिवशी चालतो, कोणाच्या नावावर चालतो, बंद कसा करायचा. नीट उत्तर मिळालं नाही तर पैसे भरू नका. पैसे भरल्यावर फसगत वाटली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोला, ऐकतात. आणि हातात पास असेल आणि गावात मराठी सिनेमा लागला असेल, तर गुरुवारची वाट बघू नका. बुधवार-गुरुवारचा खेळ राहणार की जाणार हे सोमवारच्या माणसांवर ठरतं. सोमवारी या.